तान्ह्या बाळास डांग्या खोकल्यापासून जपावे कसे?

डांग्या खोकला मोठ्या माणसास आठवडेच्या आठवडे हैराण करतो. तान्ह्या बाळाच्या मात्र तो जिवावर बेततो. पुष्कळदा बाळ खोकतही नाही. श्वासच थांबतो व ओठ निळे पडतात. आपल्याकडे या रोगाची पहिली लस बाळास सहाव्या आठवड्यात मिळते. तोवर त्याचे रक्षण कोणी करावे? ते आईनेच. गरोदरपणी तिने लस घेतली म्हणजे तिच्या रक्तात तयार होणारी प्रतिकारद्रव्ये वारेतून गर्भास पोचतात. इंग्लंडमध्ये २०१२ साली या रोगाने १४ अर्भके दगावली. त्याच ऑक्टोबरपासून तेथे गर्भवतींना लस देऊ लागले, आणि तिचा गुण सुमारे ९० टक्के आला.

एक खुलासा अवश्य आहे. सरकारी दवाखान्यात गर्भवतीस मिळणारी ‘टीडी’ धनुर्वात व घटसर्प यांवरची. डांग्या खोकल्यावरचीही हवी तर ‘टीडॅप’ घ्यावी लागते. ती २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान, प्रत्येक गरोदरपणी घ्यावयाची, कारण प्रतिकारद्रव्ये ओसरत जातात. डॉक्टरांना तसे स्पष्ट विचारावे. बाळाची सहाव्या आठवड्याची लसही चुकवू नये. आणि बारशास आलेल्या खोकणाऱ्या पाहुण्याने आशीर्वाद दुरूनच द्यावा. तो कमी फळत नाही.