लळिंगच्या रानांतील लांडोर बंगला

धुळ्याहून आग्रा रस्त्यानें दक्षिणेस सुमारें सहा मैल गेलें म्हणजे लळिंगचा किल्ला दिसूं लागतो. फारुकी घराण्याचा मूळपुरुष मलिक राजा यानें हा किल्ला आपल्या नासीर नामक पुत्रास दिला होता. किल्ल्याजवळच्या कुरणांत इंग्रजी अमदानींतला एक बंगला आहे. त्यास लोक लांडोर बंगला म्हणतात. लांडोर म्हणजे मोराची मादी.

असे बंगले रानांत कां बांधले गेले, हें समजण्यास थोडें मागें गेलें पाहिजे. 1818 सालीं खानदेश इंग्रजांच्या ताब्यांत गेला, तेव्हां येथील पुष्कळ मुलूख रानानें व्यापलेला होता. 1825 सालीं जेम्स औट्रम यानें भिल्लांची पलटण उभारण्यास आरंभ केला. वाघाच्या शिकारींत भिल्लांस बरोबर घेऊन त्यानें त्यांचा विश्वास संपादिला. दहा वर्षांत 191 वाघांच्या शिकारींत त्याचा हात होता, अशी नोंद आहे. हा आंकडा वाचून आज कौतुकापेक्षां खेदच अधिक होतो! पुढें 1860च्या दशकांत आगगाडी आली. तिला लांकूड हवें होतें. साग व अंजन यांवर कुऱ्हाड चालली, आणि 1878च्या कायद्यानें राखीव जंगलें ठरूं लागलीं. तोड तपासावयास येणारा जंगल-अधिकारी आणि बंदूक घेऊन आलेला साहेब, दोघेहि अशाच बंगल्यांत उतरत. मचाण बांधण्याचें व हांका करून जनावर उठविण्याचें काम मात्र भिल्लांकडे असे.

परंतु लांडोर बंगल्याची कीर्ति शिकारीमुळें झालेली नाहीं. 31 जुलै 1937 रोजीं एका खटल्याच्या कामासाठीं धुळ्यास आलेले बॅरिस्टर डॉ. भीमराव आंबेडकर यांचा येथें मुक्काम झाला. धुळ्याची आगगाडी चाळीसगांवाहून फुटते. त्याच चाळीसगांवीं 1929 सालीं टांगेवाल्यांनीं त्यांस नेण्याचें नाकारिलें होतें. अखेर त्यांच्याच समाजांतील एकानें, टांगा हांकण्याची संवय नसतां, लगाम हातीं घेतला. मोरीवर चाक अडकून डॉक्टरसाहेब दगडांवर फेकले गेले व त्यांचा पाय मोडला. आठ वर्षांनीं त्यांस जागा मिळाली ती साहेबलोकांसाठीं उभारलेल्या छपराखालीं.

1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीवर कडक निर्बंध आले. लळिंगच्या कुरणांत आतां दरवर्षीं 31 जुलैस, भर पावसांत, भीमस्मृति यात्रा भरते व गांवोगांवचे लोक बंगल्याच्या दर्शनास येतात.