खुर्ची आली, खोली गेली

रायपुरातल्या एका खासगी रुग्णालयात बायकांच्या फिजिओथेरपीची एक आडबाजूची खोली होती. तिथे आता विद्युतचुंबकीय खुर्ची आली आहे. ‘कपडे न काढता बसा, अर्ध्या तासात हजारो आकुंचनं, मग खोका, शिंका, हसा बिनधास्त’ अशी जाहिरात थेट लिफ्टमध्ये चिकटवली आहे. खोलीतलं बायोफीडबॅकचं यंत्र अडगळीत गेलं आणि ते चालवणाऱ्या मुलीची गुडघेदुखीच्या विभागात बदली झाली. यंत्राचं मला फारसं काही नाही. चीड येते ती मुलीच्या बदलीची.

बायोफीडबॅकच्या यंत्राची कुळकथा छोटीच आहे. लॉस एंजेलिसच्या डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी 1948 मध्ये योनीत बसणारी नळी दाबमापकाला जोडली. बाईने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळले की काटा हलायचा. पुढची कित्येक वर्षं गाळली तरी बिघडत नाही. काटा जाऊन संगणकाचा पडदा आला, एवढंच. आपल्याकडची बुद्धी तोवर शस्त्रक्रियेत रमली होती. खाली सरकलेलं गर्भाशय वर टांगून ठेवायच्या पद्धती मुंबईच्या शिरोडकर आणि पुरंदरे यांनी बसवल्या. आजही त्या त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात, आणि त्याचा अभिमान वाटावा असंच ते काम आहे. पण ‘अंग बाहेर येतंय’ म्हणायची वेळच येऊ नये म्हणून काय करायचं, हे बाळंतिणीला कोण सांगणार? तिच्या वाट्याला शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, पोटाला पट्टा आणि आमच्या छत्तीसगडात छट्ठीचं कांके पानी, म्हणजे काढा.

माझं मन अडकतं ते 2008 नंतरच्या दशकात. राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेचं स्मार्ट कार्ड आलं. पाच जणांच्या कुटुंबाला वर्षाला 30,000 रुपयांचे उपचार, पण रुग्णालयात भरती झालं तरच. कंबर दुखते, पांढरं जातं, खोकलं की लघवी होते अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या बाईला व्यायाम शिकवला तर कार्डातून दमडी सुटत नव्हती. गर्भाशय काढलं की सुटत होती. 2012 मध्ये छत्तीसगडातलं गर्भाशयकांड बाहेर आलं, कर्करोगाची भीती घालून तरण्या बायकांचीही गर्भाशयं काढल्याचं उघड झालं, काही डॉक्टरांची नोंदणी निलंबित झाली. लगेच 2014 मध्ये बिलासपूर जिल्ह्यातल्या नसबंदी शिबिरांनंतर डझनाहून जास्त बायका दगावल्या.

बायका वेळेवर बोलत नाहीत, असं तेव्हा पुष्कळांनी सुनावलं. शेजारच्या गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 बायका तपासल्या होत्या. 92 टक्के बायकांना स्त्रीरोग होता, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. हे ‘लॅन्सेट’मध्ये 1989 सालीच छापून आलं होतं. तपासायलाच कुणी नसेल तर बाईने बोलायचं कुणापाशी?

ती आडबाजूची खोली 2008 नंतरच्या त्याच दशकातली. पडद्यावर दोन रेघा असत, निळी तळाच्या स्नायूंची, लाल पोटाची. ‘आत ओढा’ म्हटलं की पुष्कळ बायका श्वास कोंडून खाली जोर देतात, नाहीतर नितंब आवळतात. लाल रेघ उसळायची आणि निळी ढिम्म. धमतरीकडची ती मुलगी म्हणायची, “सांस झन रोक, दाई.” श्वास कोंडू नको, आई. मग पुन्हा, परत पुन्हा. तात्यापाऱ्यातल्या एका आजींची निळी रेघ एकदाची वर गेली, लाल जागची हलली नाही, तेव्हा त्या चष्मा पुसत म्हणाल्या, “अगं, हे मीच केलं का?” दोन बाळंतपणं, सत्तरीचं वय, आणि हा स्नायू आपला आपल्याला आवळता येतो हे त्यांना त्या दिवशी कळलं. पुढे घरी तीन महिने नेमाने आवळणं-सोडणं. त्याला पडदा लागत नाही.

आता यंत्र हलवलं त्याचं कारण ऐका. ब्रिटनमध्ये लघवी न आवरणाऱ्या 600 बायकांवर झालेला अभ्यास 2020 मध्ये ‘बीएमजे’त आला. एका गटाला नुसता व्यायाम, दुसऱ्याला व्यायामासोबत बायोफीडबॅक. दोन वर्षांनी पाहिलं तर दोन्ही गटांत फरक नाही. व्यवस्थापकांनी हे मला मोठ्या ऐटीत ऐकवलं. अभ्यास चोख आहे, माझी तक्रार नाही. पण त्यात दोन्ही गटांना 16 आठवड्यांत सहा भेटींची सोय होती, आणि प्रत्येक भेटीत प्रशिक्षित माणूस समोर होतं. म्हणजे पडदा नसला तरी चालेल, शिकवणारी हवी, असा त्याचा सरळ अर्थ. आमच्याकडे पडद्याबरोबर शिकवणारीही काढली, आणि यंत्राचा उपयोग नसतो या मुद्द्यावर दुसरं, कितीतरी महागडं यंत्र विकत घेतलं!

खुर्चीवर बसवण्याआधी बाईला स्नायू आवळता येतो की नाही हे कोण तपासतं, असं मी विचारलं. व्यवस्थापकांनी पॅकेजचं दरपत्रक पुढे सरकवलं. जुन्या ओळखीच्या बायका हल्ली त्या मुलीला गुडघ्यांच्या विभागातच गाठतात. ती पडदा ओढून घेते, दहा मिनिटं शिकवते आणि नोंदवहीत ‘उजवा गुडघा’ लिहिते.