टिनाचं शेड की पिढीभराचं घर?

कारखान्यात तयार झालेले भाग जोडून उभं केलेलं मॉड्युलर घर म्हणजे टिनाचं शेड, उन्हाळ्यात आत बसवणार नाही, ही शंका वऱ्हाडातल्या मानोरा तालुक्यात कुणीही काढेल. नुसत्या पत्र्याखाली मे महिना काढलेल्या माणसाची ती भीती खोटी नाही, पण ती पत्र्याची आहे, मॉड्युलर घराच्या पॅनेलची नव्हे. हल्लीच्या पॅनेलमध्ये दोन पातळ पत्र्यांच्या मध्ये फोम किंवा दगडी लोकर भरलेली असते. पन्नास मिलिमीटर जाडीचं पॉलीयुरेथेन फोमचं (पीयूएफ) पॅनेल उष्णता अडवण्यात नऊ इंची विटांच्या भिंतीपेक्षा कितीतरी पट सरस ठरतं. एक उणीव मात्र मान्य करायला हवी. जाड भिंत दिवसाची उष्णता स्वतःत जिरवते, हलकी भिंत जिरवत नाही. म्हणून समोरासमोर खिडक्या आणि छताचं नीट आवरण नसेल तर महागडं पॅनेलही वाया जातं. २०१८च्या इको निवास संहितेने छतातून शिरणाऱ्या उष्णतेला मर्यादा घातली आहे. विक्रेत्याकडे तो आकडा मागावा. आणि आत काय भरलंय तेही विचारावं, कारण फोम पेट घेतो, दगडी लोकर घेत नाही. भावाची वाट बघत घरातच कापूस भरून ठेवणाऱ्या वऱ्हाडात हा प्रश्न रंगाच्या निवडीच्या कितीतरी आधी यायला हवा.

घर हलकं म्हणून पाया नावापुरता चालेल, हा दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वजनदार घराला निदान आपल्या भाराचा थोडा आधार असतो, हलकं घर मात्र ही माती सहज उचलते, आणि मग पॅनेलचे सांधे उघडतात. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी फुगीर अशा खांबांचा पाया विकसित केला, त्याला कितीतरी दशकं झाली. वाहतुकीचंही तसंच. समृद्धी महामार्गावरून माल कारंज्यापर्यंत आरामात येईल, पण पुढे तांड्याच्या रस्त्यावर तयार खोली घेऊन ट्रेलर आणि क्रेन वळणार कुठे? इथे सुटी पॅनेलं पाठवून जागेवर जोडणंच शहाणपणाचं. कारखान्यात झालं म्हणून ते पर्यावरणपूरक, हेही आपोआप खरं होत नाही. सिमेंटप्रमाणेच पोलाद तयार करतानाही कार्बन मोठ्या प्रमाणावर बाहेर पडतो. तो हिशेब फिटतो घर टिकलं, दुरुस्त होत राहिलं आणि वाढत गेलं तरच.

ग्राहकाचा अनुभव म्हणजे नमुना घर, छापील कॅटलॉग आणि आठवड्यात किल्ली, ही समजूत त्यामुळेच अपुरी आहे. अनुभव खरा सुरू होतो किल्ली मिळाल्यानंतर. बाळाचा पाळणा कुठे टांगायचा? पॅनेलच्या पातळ पत्र्यात ठोकलेला खिळा पाळण्याचा भार पेलत नाही. त्या जागी छताच्या सांगाड्यातच आडवी पट्टी आणि कडी आधी बसवावी लागते. म्हणजे हा प्रश्न आराखडा काढताना, घरातल्या बाईसमोर बसून विचारायचा असतो. सोयाबीनची पोती कुठे रचणार, चूल आत की सपरीत, पोराचं लग्न झाल्यावर खोली कोणत्या बाजूला काढणार, हेही तेव्हाच.

राहणाऱ्याला आधी विचारणं किती महत्त्वाचं, याचा पुरावा महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादकडची ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं सरळ रेषेतल्या रस्त्यांवर उभी राहिली. जुन्या वाड्याचं अंगण आणि भावकीचा शेजार त्या आखणीत बसला नाही. त्याच कार्यक्रमात सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती मात्र मालकांच्या हाती दिली गेली, आणि लोकांना समजावून सांगायला गावातल्याच बायका ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या. भूकंपात टिकणारी भिंत दोन्हीकडे हवी होती. फरक पडला तो निर्णय कुणाचा, यात.

यावर एक आक्षेप घेतला जाईल: घरकुलाचा लाभार्थी ग्राहक कसा? प्रत्यक्षात तोच ग्राहक आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात शासन कंत्राटदार नेमत नाही. सपाट प्रदेशात ठरलेले १.२० लाख रुपये खात्यात येतात आणि घर कुटुंबाने स्वतः बांधायचं असतं. किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. वीस फुटी कंटेनर बाहेरून मोजला तरी १६० चौरस फुटांचाच, तेव्हा ‘कंटेनर टाकून घ्या’ हा सल्ला इथेच गळतो. खरी अडचण हप्त्यांची आहे. हप्ता बांधकामाचा टप्पा पूर्ण झाल्याचा फोटो चढल्यावर सुटतो, कारखाना मात्र माल निघण्याआधी रक्कम मागतो. हा पेच विक्रेत्याने सोडवायचा आहे: पाया, सांगाडा, भिंती असे पुरवठ्याचे आणि पैशांचे टप्पे पाडून. प्रत्येकासाठी वेगळं घर केलं तर स्वस्ताई कुठे राहील, हा दुसरा आक्षेप रास्त आहे. पण एकसारखे असायला हवेत ते सांधे आणि स्क्रू. खोल्यांची मांडणी नव्हे. मग करारात वाढीव खोलीची आजच ठरलेली किंमत, सांध्यांचा मराठीतला नकाशा, बाजारात मिळणाऱ्या स्क्रूचं माप, आणि जोडणीच्या वेळी हाताखाली घेऊन शिकवलेल्या मानोऱ्यातल्याच एका मिस्त्रीचा नंबर एवढं तरी लिहून घ्यावं, आणि शेवटची रक्कम पहिल्या पावसाळ्यानंतर द्यावी.