गोंदण आणि दवाखान्यातील नोकरी

दहावी-बारावीचे निकाल लागले म्हणजे औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या बाजूच्या पालकांचे आम्हां शिक्षकांकडे येणेजाणे वाढते. प्रश्न बहुधा फीचे, वसतिगृहाचे, दाखल्यांचे असतात. अलीकडे त्यांत आणखी एकाची भर पडली आहे. मुलीला नर्सिंगला घालावयाचे आहे, परंतु तिच्या हनुवटीवर आजीने गोंदवून घेतले आहे. किंवा मुलाने जत्रेत मनगटाशी नाव काढून घेतले आहे. तर पुढे नोकरीच्या वेळी कोणी अडविणार नाही ना? याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. दवाखाना सरकारी की खासगी की लष्करी, यावर ते अवलंबून आहे.

गोंदण ही आपल्या भागाला नवी वस्तू नव्हे. मराठीत गोंदण, कानडीत हच्चे, दखनीत गुदना, असे तिन्ही भाषांत तिला घरचे नाव आहे. मुसलमान घरांतून ते वर्ज्य मानतात. परंतु शेजारच्या वाड्यांतून आणि लमाणी तांड्यांतून कपाळावर ठिपके, हातावर तुळस असलेल्या आयाबाया आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. मेल्यावर सोबत येणारा दागिना हाच एक, अशी त्यांची समजूत. नवीन पिढीचे गोंदण वेगळे. ते गाणगापूरच्या किंवा मैलारच्या जत्रेत यंत्राने दहा मिनिटांत होते, आणि त्यात तुळशीऐवजी नटाचे नाव असते. शाई मात्र दोन्ही वेळा एकाच ठिकाणी जाते. कातडीचा वरचा थर सतत झडत असतो, पण सुई त्याखालच्या थरात पोचते. तेथील पेशी शाईचे कण गिळून धरून ठेवतात, म्हणून ते पुसले जात नाही.

आता मुख्य मुद्दा. डॉक्टर म्हणून नोंदणी होण्यास मान्य पदवी आणि इंटर्नशिप लागते. परिचारिकेस मान्य अभ्यासक्रम लागतो. अंगावर गोंदण नसावे, अशी अट त्यांत नाही. तेव्हा गोंदणामुळे मुलीचे शिक्षण वाया जाईल, ही भीती पालकांनी मनातून काढून टाकावी.

खासगी रुग्णालयात लेखी नियमापेक्षा मालकाची दृष्टी अधिक चालते. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला एका ठिकाणी, नाव सांगण्याचे कारण नाही, पूर्ण बाह्यांचा सदरा घालून हात झाकण्याच्या अटीवर कामावर घेतले. ही अट मला गोंदणापेक्षा घातक वाटते. रोग्याला हात लावण्यापूर्वी आणि नंतर हात मनगटापर्यंत धुवावे लागतात, शस्त्रक्रियेच्या वेळी तर कोपरापर्यंत. लांब बाही रोग्यागणिक जंतू वाहून नेते, अशा विचाराने इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत २००७-०८ पासून कोपराखालचा हात उघडा ठेवण्याची पद्धत घातली गेली. भरून आलेल्या गोंदणावरील कातडी इतर कातडीसारखीच धुता येते. बाही मात्र रोग्या-रोग्यांच्या मध्ये कोणी धूत नाही.

रोग्यांना आवडणार नाही, असेही कारण पुढे करतात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात याची परीक्षा झाली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आले. तेच डॉक्टर काही दिवस गोंदण दाखवून, काही दिवस त्याविना वावरले. नऊशेंहून अधिक रोग्यांना डॉक्टरांची हुशारी, आपुलकी, विश्वासार्हता यांविषयी विचारले. उत्तरांत फरक आढळला नाही. आता पेनसिल्व्हेनिया म्हणजे हुमनाबाद नव्हे, हे मान्य. तरी ज्या गावात निम्म्या आजीबाईंच्या हातावर गोंदण आहे, तेथील रोग्याला परिचारिकेच्या गोंदणाचे वावडे असेल, असे मानणे मला तरी जड जाते.

खरी अडचण आहे ती गणवेशाच्या सेवांत, आणि तेथे नियम लेखी आहेत. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय १९४८ पासून चालू आहे. मुलींसाठी सैनिकी परिचर्या सेवेचा चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंगचा मार्ग आहे; त्याचे एक महाविद्यालय बेंगळूरच्या वायुसेनेच्या कमांड हॉस्पिटलात, दुसरे मुंबईच्या अश्विनी रुग्णालयात आहे. गरीब घरच्या हुशार मुलीला यासारखी संधी क्वचितच मिळते, म्हणून हा नियम नीट समजून घ्यावा. सेनेत कायमचे गोंदण फक्त दोन ठिकाणी चालते: कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या अंगास, आणि पंजाच्या पाठीवर. दंडावर, मानेवर, छातीवर असल्यास उमेदवार बाद होऊ शकतो. आदिवासी जमातींच्या उमेदवारांना त्यांच्या चालीरीतीप्रमाणे चेहऱ्यावर वा अंगावर गोंदण असल्यास, प्रकरण पाहून सवलत देतात.

येथेच आपल्या सीमाभागातील एक गुंतागुंत ध्यानात घ्यावी लागते. लमाणी समाज कर्नाटकात अनुसूचित जातींत मोडतो. बिदरहून जवळच असलेल्या जहिराबादला, म्हणजे तेलंगणात, त्याच समाजाचे लोक अनुसूचित जमातींत आहेत. उदगीरकडे, महाराष्ट्रात, ते विमुक्त जातींत आहेत. मामाची मुलगी आणि आत्याची मुलगी, दोघींच्या हनुवटीवर एकाच बाईने काढलेले ठिपके, तरी एकीला आदिवासी म्हणून सवलत मागता येईल आणि दुसरीला ती मिळेलच असे धरून चालता येणार नाही. औरादच्या तांड्यावरील मुलीने म्हणून अर्ज करण्यापूर्वी जाहिरातीतील गोंदणाचे कलम मुळातून वाचावे, कोणाच्या सांगण्यावर राहू नये.

केंद्रीय पोलीस दलांचा नियम याहून निराळा आहे, आणि त्या दलांच्या डॉक्टरांनाही तो लागू होतो. धार्मिक चिन्ह किंवा नाव चालते; जागा डाव्या हाताची आतली बाजू किंवा पंजाची पाठ. उजव्या हाताने सलाम करावयाचा, म्हणून डावा. आकार त्या अवयवाच्या चौथाईहून कमी हवा. सोलापूरच्या एका तरुणाला केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने उजव्या हातावरील धार्मिक गोंदणामुळे अपात्र ठरविले. तो मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि २०१७ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. पण प्रत्येक घराला मुंबईपर्यंत दाद मागावयास जाणे परवडते, असे नाही.

जत्रेतील गोंदणाविषयी माझा खरा आक्षेप नोकरीचा नाहीच, सुईचा आहे. एकच सुई, एकच शाईची वाटी, आणि पुढे रांग. काविळीचे ब आणि क हे प्रकार, तसेच एच.आय.व्ही., रक्तावाटे पसरतात, आणि दवाखान्यात काम करू इच्छिणाऱ्यानेच ते ओढवून घेणे याहून विपरीत काय असावे? गोंदविल्यावर बारा महिने रक्तदानही करता येत नाही. वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या प्रत्येक मुलाने ब काविळीच्या लसीचे तीनही डोस, पहिला, एका महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा, पूर्ण करावेत. गोंदण असो वा नसो.

आणि ज्यांचे गोंदून झालेच आहे, त्यांनी भरतीची तारीख जवळ आली म्हणून चुना, अ‍ॅसिड किंवा तापलेले लोखंड लावू नये. असे प्रकार आपल्याकडे होतात. गोंदण अर्धवट राहते आणि भाजल्याचा व्रण मात्र कायम होतो, तो तपासणीत अधिकच डोळ्यांवर येतो. त्वचारोगतज्ज्ञ लेसरने शाईचे कण फोडतात आणि शरीर ते हळूहळू वाहून नेते. काळी शाई लवकर जाते, हिरवी व पिवळी हट्टी असते. एका बैठकीत काम होत नाही. दोन बैठकींत सहा ते आठ आठवड्यांचे अंतर ठेवावे लागते, अशा कित्येक बैठकी होतात. तेव्हा बारावीनंतर सैनिकी सेवेचा विचार असेल, तर ही तजवीज अकरावीतच सुरू करावी लागते.