धोक्याचा हिशेब आणि आपली माणसे

लोकांना विज्ञान नीट समजावले की नको तिथली भीती जाईल आणि हवी तिथे सावधगिरी येईल, असे आपण धरून चालतो. येल विद्यापीठाचे डॅन कहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास वेगळेच सांगतो. त्यांनी अमेरिकेतील सुमारे दीड हजार प्रौढांची विज्ञानाची जाण आणि आकडेमोडीची कुवत तपासली, हवामानबदलाचा धोका किती वाटतो तेही विचारले. जाण वाढेल तशी मते जवळ यायला हवी होती; ती आणखी लांब गेली. समतेला आणि सामूहिक जबाबदारीला महत्त्व देणाऱ्या जाणकारांना धोका मोठा वाटला, उतरंड आणि व्यक्तिस्वातंत्र्य मानणाऱ्या जाणकारांना लहान. कहान यांच्या मते यात एक व्यवहार आहे. एकट्याचे मत चुकल्याने पृथ्वीचे तापमान बदलत नाही, पण आपल्या माणसांच्या विरोधात गेल्यास नाती तुटतात. म्हणून हुशारीही गटाची बाजू सावरायला लागते.

हे फक्त अमेरिकेपुरते नाही. २००२ मध्ये भारतातील पोलिओचे बहुतांश रुग्ण उत्तर प्रदेशात होते. तिथल्या अनेक मुस्लिम वस्त्यांत पोलिओच्या थेंबांनी मुले पुढे निपुत्रिक होतील, अशी अफवा होती. तिला निव्वळ अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. आणीबाणीतील सक्तीची नसबंदी लोक विसरले नव्हते आणि एरवी वस्तीकडे न फिरकणारे सरकार या थेंबांसाठीच दारी का येते, हा प्रश्न रास्त होता. मोहिमेने मग वस्तीतल्याच स्त्रियांना घरोघरी पाठवले. इमामांना, अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया मिलियाला सोबत घेतले. नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओ विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला.

यश २०१० मध्ये आलेल्या, विषाणूच्या दोन प्रकारांवर चालणाऱ्या लशीचे नाही का, असे कुणी विचारेल. तिचा वाटा मोठाच आहे. पण दार उघडल्याशिवाय कोणतीही लस मुलाच्या तोंडात पडत नाही. मग धोका हा केवळ समजुतीचा खेळ मानायचा का? मुळीच नाही. विषाणू जातधर्म पाहत नाही. फरक पडतो तो त्याच्याविषयी कुणाचे ऐकायचे, यात. म्हणून लोकांचा विश्वास कमावणे हे आरोग्यसेवेचे मूळ काम आहे आणि ते साथ येण्याआधीच करायला हवे.