विद्यार्थी खूश, म्हणून शिकवणं उत्तम?

तपासणी समिती यायची असली की वैद्यकीय महाविद्यालयात फीडबॅक फॉर्मचे गठ्ठे बाहेर निघतात. विभागवार सरासरी काढली जाते, रंगीत आलेख तयार होतात आणि बैठकीत कोणीतरी समाधानाने सांगतं, "आपल्याला पाचपैकी साडेचार मिळालेत, म्हणजे शिकवणं उत्तम चाललंय." या 'म्हणजे'लाच माझी हरकत आहे. इतकी वर्षं शिकवून झाल्यावरही तो शब्द ऐकला की चिडचिड होते.

कारण ही शंका काही आजची नाही. अमेरिकेत 1970 च्या सुमारास मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्याच्या शिक्षकांसमोर 'डॉ. मायरन फॉक्स' यांचं व्याख्यान झालं. विषय होता गणितातली गेम थिअरी आणि डॉक्टरांचं शिक्षण. बोलणारा डॉक्टर नव्हता, व्यावसायिक नट होता. परस्परविरोधी विधानं, अर्थहीन शब्द आणि विनोद यांची पेरणी करत आत्मविश्वासाने बोलायचं, एवढंच त्याला शिकवलं होतं. नंतर त्याची चित्रफीत आणखी दोन गटांना दाखवली. तीन गटांतल्या 55 श्रोत्यांपैकी कोणालाही सोंग ओळखता आलं नाही आणि बहुतेकांनी व्याख्यान विचारप्रवर्तक ठरवलं. हे 1973 साली 'जर्नल ऑफ मेडिकल एज्युकेशन'मध्ये छापून आलं. श्रोते पहिल्या वर्षाची मुलं नव्हती, अनुभवी लोक होते.

दुसरं उदाहरण जर्मनीतलं. इमर्जन्सी मेडिसिनच्या वर्गात 118 वैद्यकीय विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे 20 गट पाडले. दहा गटांसमोर 500 ग्रॅम चॉकलेट बिस्किटं ठेवली, दहांना काहीच नाही. शिक्षक तेच, अभ्यास तोच. बिस्किटं खाल्लेल्यांनी शिक्षकांना जास्त गुण दिले आणि अभ्याससाहित्यही त्यांना जास्त चांगलं वाटलं. 'मेडिकल एज्युकेशन' या नियतकालिकात 2018 साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला.

यावर कोणी म्हणेल, एखादा तास सोडा, पूर्ण सत्राचं मत तर खरं असेल? अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीत विद्यार्थ्यांची प्राध्यापकांकडे वाटणी यादृच्छिक होते आणि परीक्षा सगळ्यांना एकच असते. कॅरेल आणि वेस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी 2010 साली तिथला हिशेब मांडला. ज्यांचे विद्यार्थी त्या सत्रात चांगले गुण मिळवत होते, त्या प्राध्यापकांना फीडबॅकही चांगला मिळत होता. पण पुढच्या, वरच्या पातळीच्या विषयांत त्यांचेच विद्यार्थी मागे पडत होते. पाया पक्का करून घेणाऱ्याची किंमत त्या क्षणी कळत नाही. वॉर्डमध्ये तर हे रोज दिसतं. हृदयाची मर्मर ऐकू येईपर्यंत स्टेथोस्कोप काढू न देणारे सर कडक वाटतात आणि नोट्स देऊन लवकर सोडणारे सर आवडतात.

वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी 1990 साली डॉक्टरची क्षमता जोखण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या: माहीत आहे, कसं करायचं हे माहीत आहे, करून दाखवतो, प्रत्यक्ष कामात करतो. समाधानाचा आकडा यातल्या एकाही पायरीवर बसत नाही.

मग काही जण उलट टोक गाठतात: "पोरांना काय कळतं?" हाही गैरसमजच, आणि सोयीचा. शिक्षक वेळेवर आले का, चूक दाखवताना पेशंटसमोर अपमान केला का, हे विद्यार्थ्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. त्याला जे दिसतं तेवढंच त्याला विचारा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. निकाल 100 टक्के लागला म्हणून शिकवणं चांगलं ठरत नाही, त्यातला किती वाटा कोचिंगचा हे निकाल सांगत नाही. बायोमेट्रिक हजेरीतून माणूस इमारतीत होता एवढंच सिद्ध होतं. मोठा सर्जन आपोआप मोठा शिक्षक होत नाही, म्हणूनच राष्ट्रीय वैद्यक आयोगाने पदोन्नतीसाठी वैद्यकीय शिक्षणाचा मूलभूत अभ्यासक्रम सक्तीचा केला आहे. आणि विद्यार्थी निःपक्ष असतातच असं नाही: फ्रान्समधल्या एका विद्यापीठातली आकडेवारी 2016 साली तपासली, तेव्हा मुलगे पुरुष शिक्षकांना जास्त गुण देताना आढळले, पण त्या शिक्षकांकडे मुलं जास्त शिकली होती असं अंतिम परीक्षेत दिसलं नाही.

2019 पासून आपल्याकडे क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आहे. विद्यार्थ्याचं प्रत्येक कौशल्य बघून मग शिक्षकाने लॉगबुकमध्ये सही करायची, असं त्यात अपेक्षित आहे. सत्र संपताना ढिगाने केलेल्या सह्या मी पाहिल्या आहेत, आणि त्या विभागाचा फीडबॅक उत्कृष्ट होता.

विभागप्रमुखांना विनंती आहे. पुढच्या फॉर्मवर "शिक्षक आवडले का?" हा प्रश्न काढून टाका आणि तिथे लिहा: "तुम्ही पेशंट तपासत असताना शिक्षक किती वेळा शेजारी उभे होते?"