प्राथमिक शाळेतील प्रकाशाचे शिक्षण : पाठांतराकडून कृतीकडे

प्रस्तावना

कलबुर्गी जिल्ह्यातील अफजलपूर तालुका भीमा नदीच्या परिसरात, सोलापूर जिल्ह्याच्या सीमेला लागून आहे. येथे कन्नड, मराठी आणि दखनी उर्दू या तिन्ही भाषा कानांवर पडतात. वर्गात 'सावली' हा शब्द उच्चारला की एखाद्या मुलाला 'नेरळु' आठवते, तर दुसऱ्याला 'साया'. अशा वर्गात 'प्रकाश सरळ रेषेत प्रवास करतो' हे वाक्य पाठ करून घेता येते. पण त्याचा अर्थ समजला की नाही, हे त्यावरून कळत नाही. कृती मात्र तिन्ही भाषांच्या मुलांना एकाच वेळी दिसते. शब्द नंतर देता येतो. शाळेतील ज्ञान बाहेरच्या जीवनाशी जोडावे आणि घोकंपट्टी टाळावी, अशी अपेक्षा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ मध्येही व्यक्त झाली आहे.

मुलांच्या मूळ कल्पना

पाहणे म्हणजे डोळ्यांतून काहीतरी बाहेर जाणे, असे अनेक मुलांना वाटते. आपली भाषाही तेच सुचवते : आपण 'नजर टाकतो', आपली 'नजर पोहोचत नाही'. प्राचीन ग्रीसमधील युक्लिडसारखे विद्वानही दृष्टीचे किरण डोळ्यांतून निघतात असे मानत. इ.स. ९६५ च्या सुमारास बसरा येथे जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी 'किताब अल-मनाझिर' या ग्रंथात हे मत खोडून काढले. प्रखर प्रकाशाकडे पाहिल्यास डोळे दुखतात, यावरून प्रकाशच बाहेरून डोळ्यांत येतो असे त्यांनी दाखवले. म्हणून मुलाची ही कल्पना म्हणजे मठ्ठपणा नव्हे. ती बदलण्यासाठी त्यालाही पुरावाच हवा.

वर्गातील कृती

१) अंधारी पेटी : चपलांच्या खोक्यात चेंडू ठेवून झाकण घट्ट लावावे. एका बाजूस डोळा लावण्यापुरते छिद्र व वरच्या बाजूस झडप ठेवावी. झडप बंद असताना काहीच दिसत नाही. उघडताच चेंडू दिसतो. 'डोळा तोच, मग बदलले काय ?' हा प्रश्न मुलांना विचारावा.

२) तीन पुठ्ठे : तीन पुठ्ठ्यांना सारख्या उंचीवर छिद्रे पाडून ती दोऱ्याने एका ओळीत आणावीत. दोरा काढून पलीकडे विजेरी लावल्यास प्रकाश दिसतो. एक पुठ्ठा बोटभर सरकवला की तो दिसेनासा होतो.

३) सावलीची काठी : मैदानात काठी उभी रोवून दर अर्ध्या तासाने सावलीचे टोक खडूने किंवा खड्याने नोंदवावे. सर्वांत आखूड सावली घड्याळात बारा वाजता पडत नाही, हे मुलांच्याच लक्षात येते. अफजलपूर भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या पश्चिमेस असल्याने येथे मध्यान्ह उशिरा होते. हे गाव सुमारे १७ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी साडेबाराच्या सुमारास, काठीची सावली जवळपास नाहीशी होते. मे महिन्यातही असा दिवस येतो, पण तेव्हा शाळांना सुट्टी असते. ऑगस्टमध्ये आभाळ भरून येते, म्हणून निरीक्षण सलग काही दिवस ठेवावे.

४) कडुनिंबाखालचे कवडसे : पानांमधील फटी वेड्यावाकड्या, पण जमिनीवरील कवडसे बरेचसे गोल असतात, कारण प्रत्येक कवडसा ही सूर्याची प्रतिमा असते. २६ डिसेंबर २०१९ सारख्या खंडग्रास ग्रहणात हेच कवडसे कोरीसारखे दिसतात.

दक्षता आणि मूल्यमापन

सूर्याकडे थेट पाहू नये, ही सूचना प्रत्येक वेळी द्यावी. काय घडेल याचा अंदाज मुलांनी आधी सांगावा. त्यासाठी घरची भाषा चालेल. अंदाज चुकल्यास गुण कापू नयेत. परीक्षेत व्याख्या विचारण्याऐवजी 'पुठ्ठा सरकवला तर काय होईल व का ?' असे विचारावे.

निष्कर्ष

या कृतींना प्रयोगशाळा लागत नाही. खोका, दोरा, काठी व ऊन पुरेसे आहे. लागतो तो शिक्षकाचा संयम, कारण उत्तर सांगण्यापेक्षा ते सापडेपर्यंत थांबणे अधिक कठीण असते. मात्र स्वतः पडताळून पाहण्याची सवय एकदा लागली की ती प्रकाशाच्या धड्यापुरती राहत नाही.